चोविसावा शिक्का

वेरझाक गाव आर्लेतच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचं. अगदी समोर, नदीच्या पलीकडे. चर्चचा बुटका मनोरा, त्याच्याखाली पंधरा-वीस छपरं आणि मागे अक्रोडाच्या बागा. तिथे कुणी चादर वाळत घातली तर ती कोणत्या रंगाची हेसुद्धा आर्लेत चहा पिता पिता सांगायची. आणि या बाईने आणि तिच्या नवऱ्याने एक्केचाळीस वर्षांत दोर्दोन्य नदीचं अख्खं खोरं सायकलवरून पालथं घातलं, तेवीस गावांचे शिक्के गोळा केले, पण समोरच्या वेरझाकचा शिक्का काही आणला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

भानगड होती सायकल मंडळाच्या कार्डाची. नवीन लग्न झालं होतं तेव्हा दोघांनी मिळून एकच कार्ड घेतलं, कारण सायकलही दोघांत एकच होती, लांबलचक जोडसायकल. जाड पुठ्ठ्याचं कार्ड, मधून दुमडलेलं, आत चोवीस रिकाम्या चौकटी. खोऱ्यातल्या चोवीस गावांना सायकलने जायचं, तिथल्या पाववाल्याकडून, कॅफेतून नाहीतर गावकचेरीतून शिक्का घ्यायचा आणि सगळे झाले की मंडळाकडे कार्ड दाखवायचं. घाई नाही, मुदत नाही. फिर्मांने तेव्हाच ठरवून टाकलं, "लांबची गावं तरुणपणी, जवळची म्हातारपणी." आणि वेरझाक तर काय, उद्या जाऊ, पुढच्या रविवारी जाऊ. असे रविवार किती गेले ते विचारू नका.

मग जूनमध्ये देल्पेशचं पत्र आलं. देल्पेश हा मंडळाचा चिटणीस, वय ब्याऐंशी, नियमावर बोट ठेवून जन्मलेला माणूस. पत्रात लिहिलं होतं की हल्ली पोरं सगळं फोनवर नोंदवतात, कार्डं कुणी मागत नाही, म्हणून ही योजना बंद. ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी चारपर्यंत ब्रेसाकच्या जुन्या स्टेशनात भरलेली कार्डं द्यावीत, चार वाजून एक मिनिटानेही घेतली जाणार नाहीत.

आर्लेतला घाई लागली ती त्या पत्राने नव्हे. फिर्मांच्या डोळ्यांमुळे. दोन वर्षांपासून त्याची मधली नजर जात चालली होती. समोर बघितलं की करडा डाग, कडेकडेचं तेवढं दिसायचं. म्हणून तर आता पुढच्या सीटवर ती बसायची आणि तो मागे बसून पॅडल मारायचा. मे महिन्यात तेविसावा शिक्का मिळाला तेव्हा फिर्मांने कार्ड डोळ्यांपाशी नेऊन म्हटलं होतं, "वा! काय सुरेख निळा उठलाय!" शिक्का लालभडक होता. आर्लेत काही बोलली नाही. तेव्हापासून तिने एकच ध्यास घेतला होता. जी काही नजर उरली आहे तिने या माणसाने भरलेलं कार्ड बघायचं, म्हणजे बघायचंच.

पण उन्हाळाभर डोळ्यांत इंजेक्शनं, मग पाऊस, मग पुन्हा इंजेक्शनं. होता होता शेवटचा शनिवार उजाडला.

"चल ना रे! कचेरी बाराला बंद होते," आर्लेत अंगणात सायकल धरून ओरडली.

"आलो, कॅप्टन, आलो." फिर्मां दारात आला तो मंडळाचा जुना पिवळा सदरा घालून. लग्नाच्या वर्षी घेतलेला. पोटावरची तीन बटणं काही केल्या लागत नव्हती.

"अरे, तू सदरा घातलायस की सदऱ्याने तुला घातलंय?"

"शेवटचा शिक्का आहे बाई. थाटात जायला नको?"

अकराला निघाले. गाव समोर असलं तरी पूल बराच लांब होता. आणि निघाले ते असे, की दुसऱ्या वळणावरच आर्लेतचं वय वीस वर्षांनी उतरलं. जुन्या रेल्वेचे रूळ उखडून केलेला सायकलींचा रस्ता सरळ, सपाट, आणि मोटारीचं नाव नाही. कानात फक्त चेनची किरकिर आणि बाजूला नदी. बागांमध्ये झाडांखाली जाळी अंथरलेली, त्यावर अक्रोड टपटप पडत होते. एक बगळा त्यांच्याबरोबरीने पाण्यावरून थोडा वेळ उडाला आणि कंटाळून बसला.

"पूल आला," फिर्मां मागून म्हणाला.

"तुला कसं कळलं?"

"हवा गार झाली. आणि दहा वर्षं या पुलावरून मालगाडीने गेलोय मी, विसरलीस?"

तरुणपणी फिर्मां याच मार्गावर हमाल होता. शरदात मालडबे अक्रोडाच्या पेट्यांनी भरायचे. डब्यात काळोख, दिवा लावायची बंदी, म्हणून पेटीच्या फळीवर डागलेलं गावाचं नाव अंगठ्याने चाचपायचं आणि दारातून ओरडायचं, "अमुक गाव! चार पेट्या, उतरवा!" ही गोष्ट त्याने आर्लेतला किमान दोनशे वेळा सांगितली असेल. आज पुलावर त्याने ती दोनशे एकाव्यांदा सुरू केली आणि आर्लेतने आज ती अडवली नाही.

वेरझाकच्या कचेरीत पोचले तेव्हा बाराला दहा मिनिटं कमी. खिडकीमागे एक तरुण बाई होती, चष्मा केसांत खोचलेला. आर्लेतने कार्ड पुढे केलं, चोविसाव्या चौकटीवर बोट ठेवलं. बाईने हसून शिक्का उचलला, शाईवर दाबला, आणि कार्डावर टेकणार इतक्यात आर्लेतची नजर रबरावर गेली.

"थांबा! थांबा, मादाम! हे काय आहे?"

"शिक्का."

"कुठला?"

"आमचाच. त्र्वा-रीव्ह."

"आम्हाला वेरझाकचा हवाय."

"अहो, वेरझाक आता त्र्वा-रीव्हमध्येच आहे. जानेवारीपासून तीन गावं एक झाली. नवी कचेरी, नवा शिक्का, नवी पाटी. पाटी कशी झालीय बघितली का?"

आर्लेतला पाटी दिसली नव्हती. तिला आता समोरची बाईही नीट दिसेना. एक्केचाळीस वर्षं जे गाव चहाच्या कपापलीकडून टुकुटुकु बघत होतं, ते नेमकं या वर्षी नाव टाकून बसलं!

"जुना शिक्का असेल ना? कपाटात, ड्रॉवरमध्ये कुठेतरी?"

"तो जिल्ह्याला पाठवावा लागतो. कायदाच आहे तसा." बाईचा चेहरा खरंच पडला. "तुमच्या चिटणिसांना विचारून बघा ना, हा चालेल कदाचित."

आर्लेतने तिथूनच फोन लावला.

"देल्पेश, मी आर्लेत. वेरझाकच्या शिक्क्यावर त्र्वा-रीव्ह लिहिलेलं चालेल का?"

"कार्डावर काय छापलंय?" पलीकडून आवाज आला.

"वेरझाक."

"मग शिक्क्यावर काय पाहिजे?"

"अरे, पण गावाचं नावच राहिलं नाही रे बाबा!"

"गाव राहिलं ना? कुणाकडे तरी नाव असेलच. शोधा. चार वाजता भेटू." आणि फोन ठेवला.

"खडूस मेला!" आर्लेत फोनला म्हणाली.

फिर्मां इतका वेळ भिंतीला टेकून उभा होता. आता तो एकदम हसायला लागला. "बघ, म्हणजे शिकार करायची. मला वाटलं होतं, पाच मिनिटांत मजा संपणार."

तितक्यात बाराचे ठोके पडले. खिडकीवरची बाई उठली, तिने चावी काढली, आणि वेरझाक जेवायला बसलं. आता दोनपर्यंत राष्ट्रपती आला असता तरी त्याला कुणी दार उघडलं नसतं. आर्लेतच्या पायांत भिंगरी होती, तिला तशीच दारं ठोठवायची होती, पण फिर्मांने तिला हाताला धरून नदीकाठी नेलं. पाव, त्याला लावायला बदकाच्या मांसाचं पाटे, बकरीच्या चीजच्या दोन चकत्या, आणि वाइनची अर्धी बाटली.

"घशाखाली उतरत नाहीये मला," ती म्हणाली.

"उतरेल. उपाशीपोटी शिक्के सापडत नाहीत."

"तुला काहीच वाटत नाही का रे?"

फिर्मांने पाव मोडला. त्याचं तोंड नदीकडे होतं, पण डोळे तिरके, तिच्याकडे. सरळ बघितलं की ती दिसायची नाही, हे तिला ठाऊक होतं. "वाटतं ना. खूप वाटतं. म्हणून तर जेवतोय," तो म्हणाला.

दोनच्या ठोक्याला दोघे सुटले. मच्छीमार मंडळाचा अध्यक्ष झोपेतून उठून आला, त्याने मोठ्या प्रेमाने शिक्का काढला. त्यावर मासा होता, नदीचं नाव होतं, गावाचं नव्हतं. चर्चमध्ये पाद्री अकरा गावांत मिळून एक, आणि त्याचा शिक्का असतो भलत्याच गावी. पाववाल्याचं दुकान बंद होऊन नऊ वर्षं झाली होती. अग्निशामकांच्या दारावर नवं नाव इतकं ताजं रंगवलेलं, की आर्लेतच्या बाहीला निळा रंग लागला. पावणेतीन वाजले. तिने सायकल कुंपणाला टेकवली आणि ती मट्कन खाली बसली.

"कपाळ माझं! इतकी वर्षं खिडकीतून बघत बसले. एकदा, फक्त एकदा उठून आले असते तर?"

"आर्लेत."

"काय?"

"गप्प बस जरा. वास घे."

ती वैतागली. मग तिलाही आला. गरम, खमंग, किंचित कडवट. अक्रोड भाजल्याचा वास.

"तेलघाणी!" फिर्मां कुंपणाला धरून उभा राहिला. "अगं, पेट्या! पेट्यांवर नावं कोण डागायचं? वेरझाकच्या पेट्या घाणीवरून यायच्या. ऊठ, ऊठ, कॅप्टन, बस पुढे!"

घाणी रस्त्यालाच लागून होती, ओढ्यावर, हाकेच्या अंतरावर. आत धूर, उकाडा, आणि मोठ्या कढईत अक्रोडाचा लगदा. घाणीवाली ओडिल, दंडावर बाह्या सारलेली, नवा माल यायच्या आधी गेल्या साली उरलेल्या अक्रोडाचा शेवटचा घाणा काढत होती. तिला थांबता येत नव्हतं, लगदा करपला असता. म्हणून आर्लेतने सगळी कहाणी कढईच्या आवाजावर ओरडून सांगितली.

"डागणी?" ओडिल एका हाताने लगदा हलवत, दुसऱ्याने चुलीतले निखारे सारखे करत म्हणाली. "होती ना. लोखंडाची, आजोबांची. आता प्लॅस्टिकचे क्रेट आले, कोण डागतंय? भंगारात गेली असेल बहुतेक."

"बहुतेक की नक्की?"

"बाई, मला काल काय जेवले तेही आठवत नाही!"

आर्लेत कोपऱ्यातली पोती उचकायला लागली. पोत्यांखाली पोती, त्यांच्याखाली उंदराचं घर. तीन वाजून पाच. फिर्मां मात्र चुलीच्या बाजूला, मान एका अंगाला वळवून, भिंतीकडे बघत उभा होता. बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा रुसलाय.

"मादाम," तो हळूच म्हणाला, "तुमच्या हातात काय आहे?"

"कुठे? हे? निखारे सारायची सळई आहे."

"तिच्या टोकाला काय आहे?"

ओडिलने सळई चुलीतून काढली. टोकाला लालबुंद अक्षरं होती. उलटी, काजळी धरलेली, पण वेरझाकची सहाच्या सहा रोमन अक्षरं जागच्या जागी. ओडिल इतकी हसली की लगदा खरंच करपायला लागला.

"पंधरा वर्षं! पंधरा वर्षं मी या गावाला चुलीत घालतेय!"

"तुला दिसलं?" आर्लेतने नवऱ्याचा दंड घट्ट पकडला. "फिर्मां, तुला दिसलं?"

"कडेने," तो म्हणाला. "कडेने मला सगळं दिसतं. मध्ये उभे राहणारेच लपतात."

पण अर्धीच लढाई झाली होती. डागणी पेटीसाठी केलेली, वीतभर रुंद, आणि चौकट तिकिटाएवढी. आर्लेतने कार्ड उघडून पालथं केलं. मागचं पान अख्खं कोरं होतं. तिथे बसेल. पण त्याच पुठ्ठ्याच्या पोटात अकरा शिक्के होते, आणि जरा जास्त तापलं तर अकरा गावं आणि अकरा उन्हाळे एका दमात राख.

ओडिलने आधी एका खोक्याचा पुठ्ठा घेतला आणि त्यावर डागणी टेकवली. भस्सकन धूर झाला, पुठ्ठ्याला आरपार भोक पडलं.

"नको," आर्लेत म्हणाली. तिने कार्ड छातीशी धरलं. "नको रे, फिर्मां. तेवीस तर तेवीस. हे जळलं तर मी..."

"किती वाजले?"

"सव्वातीन."

"मादाम, गार होऊ द्या," फिर्मां म्हणाला. "लाल नको, काळी झाली की. आणि फक्त दोनपर्यंत मोजायचं. आमचा मुकादम ओल्या फळीवर असंच करायचा." मग तो बायकोकडे वळला. "तेवीस शिक्के कपाटात ठेवायचेत की चोवीस घेऊन जायचंय? तू सांग. कॅप्टन तू आहेस."

आर्लेतने कार्ड फळीवर पसरलं. दोन्ही टोकं आपल्याच हातांनी दाबून धरली आणि डोळे मिटले.

"दाबा!"

"एक," ओडिल म्हणाली. "दोन!"

जळक्या कागदाचा वास आला. आर्लेतने डोळे उघडले. तपकिरी, खोल, ठसठशीत, गावाचं नाव मागच्या पानभर उमटलं होतं. तिने कार्ड उलटलं. आतल्या अकरा शिक्क्यांपैकी एकालाही धग लागली नव्हती. ती ओडिलच्या गळ्यातच पडली. ओडिलने चोविसाव्या चौकटीत "मागे पाहा" असं लिहिलं, तारीख टाकली, सही ठोकली, आणि दोघांना अक्षरशः दाराबाहेर ढकललं.

"पळा आता! साडेतीन झाले! बारा किलोमीटर आहेत!"

मग जी सायकल सुटली म्हणता! उतार तो काय, नदीला असेल तेवढाच, पण आर्लेतला वाटलं सगळं खोरंच ब्रेसाककडे कलंडलंय. फिर्मां मागून असा पॅडल मारत होता की तिचे पाय आपोआप फिरत होते. सदऱ्याचं चौथं बटणही तुटून रस्त्यावर उडालं.

"बटण गेलं!"

"जाऊ दे! मार!"

सायकलवरची एक शहरी तरुण जोडी, चकचकीत कपड्यांतली, त्यांना बघून बाजूला झाली. "शाब्बास, आजी!" पोरगा ओरडला. "आजी तुझी घरी!" आर्लेतने उलट ओरडून सांगितलं आणि त्यांना मागे टाकलं.

वाटेतल्या जुन्या रेल्वेच्या बोगद्यात शिरल्यावर आतले दिवे बंद. भर दुपारी डोळ्यांपुढे मिट्ट काळोख. आर्लेतचा हात ब्रेककडे गेला.

"ब्रेक नको!" फिर्मां मागून गरजला. "सरळ जा. जरा डावीकडे बाक आहे... आता. हो. आता पुन्हा सरळ. तीनशे पावलं आहेत, मी चालत मोजलीत."

आणि ती गेली. काहीएक दिसत नसताना, नवऱ्याच्या आवाजाच्या भरवशावर, पूर्ण वेगात. टोकाला उजेडाचा ठिपका दिसला आणि तो मोठा होत होत त्यांच्यावर कोसळला. असा आनंद तिला कित्येक वर्षांत झाला नव्हता. ती मोठ्याने ओरडली, उगाचच.

ब्रेसाकच्या स्टेशनात फलाटावर टेबलं मांडली होती, मंडळाची तीस-पस्तीस माणसं प्याले घेऊन उभी होती. देल्पेश घड्याळाखाली बसला होता. काटा चारला एक मिनिट कमी असताना जोडसायकल फलाटावर चढली, आणि चर्चमध्ये ठोके पडायला लागले तेव्हा कार्ड टेबलावर होतं.

देल्पेशने चष्मा लावला. तेवीस चौकटी बघितल्या. चोविसावीत "मागे पाहा" वाचलं, कार्ड उलटलं, आणि तो थबकला. त्याने कार्ड नाकाशी नेलं.

"हे जळलंय."

"डागलंय," आर्लेत म्हणाली. धाप लागल्याने तिला एवढंच बोलता आलं.

"शाई नाही यात."

"नियमात शाई लिहिलीय का?"

फलाटावरचे लोक टेबलाभोवती गोळा झाले. देल्पेशने खिशातून नियमांची पुस्तिका काढली. ती त्यानेच लिहिली होती, पण त्याने ती पहिल्यापासून वाचली. "गावाचं नाव असलेली छाप," तो पुटपुटला. "तारीख. गावातल्या माणसाची सही." पुस्तिका मिटली. मग या खडूस माणसाने, सगळ्यांच्या देखत, खिशातून रुमाल काढून नाक शिंकरलं. "वाचा मग," तो म्हणाला. "पूर्ण कार्ड झालं की मोठ्याने वाचायची पद्धत आहे. फिर्मां, तू वाच."

आर्लेत पुढे झाली, काहीतरी बहाणा करायला. पण फिर्मांने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"मे महिन्यातला तो शिक्का," तो तिच्या कानात म्हणाला, "निळा नव्हता ना?"

"लाल होता," ती म्हणाली.

"तू काही बोलली नाहीस तेव्हाच मला कळलं. तू वाच. मी शेवटचा वाचतो."

मग आर्लेतने वाचलं. गाव, साल, गाव, साल. कुठे पंक्चर झालं होतं, कुठे गारा पडल्या होत्या, कुठे रागावून दोघे दिवसभर एकाच सायकलवर बसून बोलले नव्हते, तेही वाटेत सांगितलं. लोक हसत होते. तेवीस झाल्यावर तिने कार्ड मिटलं, पालथं केलं आणि नवऱ्याच्या हातात दिलं.

फिर्मांने कार्डाकडे बघितलंच नाही. तोंड वळवलं त्याने फलाटाच्या कडेकडे, जिथे एके काळी मालडबे उभे राहायचे. उजवा अंगठा जळलेल्या पहिल्या अक्षरावर ठेवला आणि सावकाश सरकवला. एकेक अक्षर, शेवटपर्यंत. मग त्याने छाती भरून श्वास घेतला, सदऱ्याचं उरलेलं शेवटचं बटणही गेलं, आणि अख्ख्या स्टेशनात घुमेल असा तो ओरडला,

"वेरझाक! चार पेट्या, उतरवा!"